प्ले दाबण्याआधी आणि दाबल्यावर: नोकरी-घर सांभाळून ऑनलाइन कोर्स पुरा करताना

रात्रीचे पावणेदहा. ओटा आवरून झालेला, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप, आणि मी एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेच्या, कोर्सचा ३७ वा व्हिडिओ बघत होते. मुलगा पाण्याची बाटली भरायला आला, दोन मिनिटं मागे उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तू शिकतेयस की नुसतं बघतेयस?" सातवीतलं पोर. त्याला झोपायला पिटाळलं. मग व्हिडिओ थांबवला, कोरी फाइल उघडली आणि दोन टेबलं जोडणारी साधी जॉइनची क्वेरी, म्हणजे असाच एक प्रश्न, न बघता लिहायला घेतली. ‘सिलेक्ट’च्या पुढे हात चालेना.

३७ व्हिडिओ झाले होते. दीडपट वेगाने, मान डोलवत, सगळं कळतंय अशा थाटात.

मी राहते ठाण्यात, चरईत. नोकरी रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, अकाउंट्सला. दिवसभर एक्सेल. त्या रात्रीनंतर कोर्स तोच ठेवला, फक्त त्याच्यापुढे बसायची पद्धत बदलली. ऑफिसातल्या दोघीतिघी "लक्षच लागत नाही गं" म्हणत येतात तेव्हा मी त्यांना एवढंच विचारते की व्हिडिओ चालू असताना तुमचे हात काय करत असतात? भाजी निवडत बसलं की रेडिओवरचं कीर्तन नीट ऐकू येतं. हात मोकळे ठेवून तेच ऐकायला बसा, दहाव्या मिनिटाला डुलकी. पुढे जे सांगतेय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी थोडा दिलासा. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सांचा काही वर्षांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला होता. नाव नोंदवणाऱ्यांतले निम्म्याहून थोडे जास्त लोक कोर्सच्या आत फिरकलेच नव्हते. २०१७-१८ मध्ये कोर्स पुरा करणारे शंभरात तीन. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के. हे वाचून लगेच पैसे भरायला धावू नका. ज्याला करायचंच असतं तोच बहुतेकदा पैसे भरतो. माझे पैसे भरूनही वाया गेलेत.

आधी काम, मग कोर्स

एके काळी माझ्या खात्यात ११ कोर्स होते. पायथॉन, पॉवर बीआय, शनिवारी कुणीतरी फॉरवर्ड केलेला ‘मोफत एआय मास्टरक्लास’. सेलमध्ये घेतलेल्या साड्यांसारखे, एकाचीही घडी मोडलेली नाही.

म्हणून पहिली पायरी कागदावरची. एक वाक्य लिहा: मला अमुक एक गोष्ट बनवता आली पाहिजे. माझं वाक्य होतं, "सोसायटीच्या ५६ फ्लॅटपैकी या महिन्याचा मेंटेनन्स कुणी भरलेला नाही, त्याची यादी एका क्वेरीत निघाली पाहिजे." आमचे खजिनदारकाका ही यादी वहीत टिका मारून काढतात, दर महिन्याला एक अख्खी संध्याकाळ घालवून. "डेटा सायन्स शिकायचंय" असलं वाक्य चालत नाही. ते पुरं झालं की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

वाक्य हाताशी असलं की कोर्स निवडणं सोपं जातं. विषयसूची उघडा आणि तुमच्या वाक्याला लागणारे धडे त्यात आहेत का बघा. स्वाध्याय आहेत का बघा. नुसत्या व्हिडिओंचा कोर्स असेल तर स्वाध्याय तुम्हालाच तयार करावे लागतील. कोर्स कधी अद्ययावत केलाय तेही बघा, नाहीतर शिक्षकाच्या पडद्यावर एक बटण आणि तुमच्या पडद्यावर भलतंच, आणि त्या शोधात रविवार जातो. मग तासांचं गणित. माझा ठोकताळा असा की व्हिडिओचे तास गुणिले तीन. २० तासांचा कोर्स म्हणजे ६० तास. आठवड्याला ५ तास मिळत असतील तर १२ आठवडे. हा आकडा बघून घाम फुटला तर फुटू दे. "दोन रविवारांत उडवते" म्हणून सुरू केलेला कोर्स तिसऱ्या रविवारी बंद पडतो.

तारखेचा धाक लागणाऱ्यांनी एनपीटीईएलकडे बघावं. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांचे हे कोर्स. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा. ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे कोर्स असतात, दर आठवड्याला असाइनमेंट, तिला शेवटची तारीख. अंतिम गुणांत असाइनमेंटचे २५ टक्के, परीक्षेचे ७५. काही व्हिडिओ कॉलेजच्या दुपारच्या तासासारखे रटाळ आहेत, हे खरं. पण बुधवारी रात्री असाइनमेंट बंद होणार म्हटल्यावर मंगळवारी माणूस बसतोच. चकचकीत मांडणीपेक्षा मला ही तारीख जास्त उपयोगी पडली.

उरलेले कोर्स? एका फोल्डरमध्ये टाका, नाव द्या ‘दिवाळीनंतर’, आणि विसरा.

एक रविवार नुसत्या मांडामांडीचा

पहिल्या दिवशी शिकायला बसू नका. सॉफ्टवेअर टाकणं, खातं उघडणं, पासवर्ड विसरणं, पुन्हा मिळवणं हे सगळं एका वेगळ्या बैठकीत उरका. शिकण्याच्या वेळेत इन्स्टॉलेशन आलं की तासभर निळी पट्टी सरकताना बघायची आणि "आज अभ्यास झाला" असं समजायचं. माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, जुना. त्यावर मोठा डेटाबेस टाकण्याचा हट्ट केला असता तर अजून तेच करत बसले असते. एसक्यूएल शिकायला एसक्यूलाइट पुरतं, एका फाइलवर चालतं. पायथॉनसाठी गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच उघडतं.

ब्राउझरमध्ये ‘अभ्यास’ नावाचं वेगळं प्रोफाइल बनवा. त्यात व्हॉट्सअॅप वेब नाही, ऑफिसचा मेल नाही, खरेदीच्या साइटवर लॉगिन नाही. यूट्यूबवरून शिकत असाल तर ऑटोप्ले बंद करा आणि बघितल्याची नोंद, म्हणजे वॉच हिस्टरी, बंद करून जुनी पुसून टाका. मग यूट्यूबचं पहिलं पान जवळजवळ कोरं येतं. जॉइन शिकायला गेलेला माणूस मिसळीच्या व्हिडिओवर पोचतो तो या पानावरूनच.

मोबाइल स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यांमागे. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून ठेवा, पण घरचे आणि शाळेचा नंबर तारांकित करून त्यांची रिंग वाजू द्या. नाहीतर "कुणाचा फोन आला असेल का" या विचारानेच अर्धं लक्ष डब्यांमागे असतं.

वन-बीएचकेतली जागा

रात्रीची वेळ मी सोडली. आठ ते दहा टीव्ही, त्यानंतर माझेच डोळे मिटतात. आता पहाटे सव्वापाच ते सहा. सहाला सोसायटीचं पाणी येतं. नळाचा फुसफुस आवाज आला की बैठक संपली, त्याला गजर लागत नाही. तुमच्या घरी असा एखादा आवाज असेल, दूधवाला, शाळेची बस, तो हेरा. संपण्याची वेळ ठरलेली असली की माणूस उशिरा सुरू करत नाही.

घरच्यांना "मी अभ्यास करतेय" हे सांगून कळत नाही. लॅपटॉपपुढे बसलेला माणूस त्यांना मोकळाच दिसतो. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "अगं, बसलीच आहेस तर लसूण सोलून दे जरा." त्यात त्यांची चूक नव्हती. मग फ्रिजवर कागद लावला: सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, सव्वापाच ते सहा. बुधवार मोकळा, मुद्दाम. झालेल्या दिवसावर मुलगा लाल पेनाने बरोबरची खूण करतो. त्या लाल पेनाला मी ऑफिसातल्या ऑडिटरपेक्षा जास्त घाबरते.

रविवारचे दोन तास घरात जमत नसतील तर अभ्यासिका गाठा. १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणारं गाव आहे हे. शांत बसायला जागा लागते हे ठाण्याला नव्याने सांगावं लागत नाही. नौपाड्यात काय नि वाशीत काय, महिन्याच्या भाड्याने खुर्ची देणाऱ्या खोल्या मिळतात. आजूबाजूला सीएची आणि स्पर्धा परीक्षांची मुलं मान खाली घालून बसलेली असतात, त्यांच्यात आपल्यालाच मोबाइल काढायची लाज वाटते. पैसे द्यायच्या आधी तिथे बसून नेट किती चालतं आणि प्लग खुर्चीपाशी आहे का, एवढं बघून घ्या.

पंचेचाळीस मिनिटांची बैठक

इथे जरा रेंगाळते, कारण खरं काम इथेच होतं.

पहिली पाच मिनिटं लॅपटॉप बंद. कोऱ्या कागदावर कालचं आठवून लिहायचं. लेफ्ट जॉइन म्हणजे काय, कुठल्या टेबलाच्या सगळ्या ओळी राहतात, छोटं उदाहरण. वही उघडायची नाही. हे नकोसं वाटतं, कारण आठवत नाही ते उघडं पडतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. माझ्या ३७ व्हिडिओंचं गुपित हेच. बघितल्या बघितल्या सगळं येतंय असंच वाटत होतं.

मग व्हिडिओ, दहा मिनिटांच्या वर नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या साइटवर व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४ मध्ये संशोधकांनी मांडलं की व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे प्रेक्षक सहा मिनिटांच्या आतच थांबतात. तेव्हा १८ मिनिटांचा व्हिडिओ एका दमात संपवण्यात शौर्य नाही, त्याचे तीन तुकडे करा. शिक्षक ‘रन’चं बटण दाबणार त्याच्या आधी थांबवा आणि काय उत्तर येईल ते कागदावर लिहा. किती ओळी, कुठले रकाने. अंदाज चुकला तर बरंच, पुढची पाच मिनिटं लक्ष कुठे जात नाही. आपण का चुकलो हे कळल्याशिवाय कुणाला राहवतं?

त्यानंतर वीस मिनिटं हात. शिक्षकाचा कोड कॉपी-पेस्ट करायचा नाही, टंकायचा. टंकताना स्वल्पविराम सुटतो, एरर येतो, तो शोधावा लागतो. शिकणं त्या शोधण्यात आहे. तो चालला की एक गोष्ट बदला आणि मुद्दाम मोडून बघा. आणि शक्य तितक्या लवकर कोर्समधली उदाहरणं सोडून स्वतःचा डेटा घ्या.

माझंच सांगते. फ्लॅटचं टेबल, ५६ ओळी. पावत्यांचं टेबल, भरतील तशा नोंदी. फ्लॅटला पावत्या लेफ्ट जॉइनने जोडल्या आणि खाली ‘वेअर’मध्ये अट घातली, महिना जुलै. लेफ्ट जॉइन म्हणजे डावीकडच्या सगळ्या ओळी येणार, म्हणजे ५६. आल्या ४९. ज्यांनी भरले नाहीत तेच नेमके गायब, आणि मला हवे होते तेच! तीन सकाळी गेल्या. मग वहीच्या चौकटींत मी चार फ्लॅट आणि तीन पावत्या हाताने मांडल्या आणि क्वेरी जशी चालते तशी ओळ-ओळ चालवली. जॉइन झाल्यावर न भरणाऱ्याच्या ओळीत महिन्याचा रकाना रिकामा, म्हणजे नल. त्यावर ‘वेअर’ची चाळणी: महिना जुलै आहे का? नलला जुलै म्हणता येत नाही, ओळ बाद. डावीकडचं सगळं राखायला आणलेली जॉइन, आणि पुढच्याच पायरीवर मी ते फेकून देत होते. अट ‘वेअर’मधून उचलून ‘ऑन’मध्ये, म्हणजे टेबलं कशावरून जोडायची ते सांगणाऱ्या भागात नेली, ५६ ओळी आल्या. आणि नल शोधायला बरोबरचं चिन्ह चालत नाही, ‘इज नल’ लिहावं लागतं, हेही त्याच सकाळी अंगाला चिकटलं. हे कोर्समध्ये होतं. २९ व्या व्हिडिओत, शिक्षकाने दोनदा सांगितलं होतं. मी तेव्हा मान डोलवली होती.

शेवटची पाच मिनिटं उद्यासाठी. वहीत एक ओळ लिहायची, स्वयंपाकाच्या बाईंना निरोप ठेवतो तितकी नेमकी. "जॉइन पुढे चालू" ही ओळ कुचकामी. "पावत्यांत ऑगस्टच्या तीन नोंदी घाल, तीच क्वेरी ऑगस्टसाठी चालव" ही चालते. पहाटे सव्वापाचला डोकं ठरवायच्या अवस्थेत नसतं, पण सांगितलेलं करू शकतं.

बैठकीत शेजारी अजून एक कागद ठेवा, मी त्याला भरकट-कागद म्हणते. गॅस बुक करायचा, मावशींना फोन, मुलाच्या टाय-बेल्टचे पैसे. असं काही डोक्यात आलं की उठायचं नाही, लिहायचं आणि परत यायचं. लिहिलं की डोकं ते सोडून देतं.

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, ही पोमोदोरो पद्धत बरेच जण सांगतात. फ्रांचेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ती सुरू केली. वाचनाला ठीक आहे. पण एरर हाताशी येत असताना घंटा वाजली तर मी खुशाल दुर्लक्ष करते.

अडलं की

वीस मिनिटं स्वतः झटा, त्याहून जास्त नाही. पायथॉनचा एरर शेवटच्या ओळीपासून वाचायला लागा, खरं कारण बहुधा तिथे असतं. मग प्रश्न मराठीत, पूर्ण वाक्यांत लिहून काढा: काय करायला गेले, काय व्हायला हवं होतं, काय झालं. निम्म्या वेळा तिसऱ्या वाक्यापर्यंत येता येता चूक दिसते.

नाहीच दिसली तर एआयला विचारा, पण विचारण्यात फरक आहे. "दुरुस्त करून दे" म्हटलंत तर तो देईल, तुम्ही चिकटवाल, आणि उद्या तिथेच अडाल. "उत्तर देऊ नकोस, मी कुठे बघायला हवं तेवढं सांग" असं म्हणा. उत्तर बघितलंच तर खिडकी बंद करून स्वतः पुन्हा लिहा. क्वेरी चुकीची असूनही आत्मविश्वासाने देतो तो, म्हणून चार ओळींच्या डेटावर चालवून हाताने ताळा करायचा. अकाउंट्सवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ठाणे ते रबाळे

ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याहून सुटली की दिघा गाव, ऐरोली, मग रबाळे. पंधराएक मिनिटं. आधी मी या वेळात व्हिडिओ बघायचे. एका हाताने कडी, दुसऱ्या हातात मोबाइल, कोणाची तरी बॅग पाठीत. त्यातलं काही राहिलं नाही. आता गाडीत नवीन काही नाही, फक्त जुनं आठवायचं. बसायला मिळालं तर पाठकोऱ्या कार्डांचा गठ्ठा: पुढे प्रश्न, मागे उत्तर. आलं ते कार्ड चार दिवसांनी, नाही आलं ते उद्या. हर्मन एबिंगहाऊसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने निसटतं. तेव्हा पहिली उजळणी त्याच दिवशी, घरी परतताना. मोबाइलवर ‘आंकी’ नावाचं अॅप हे काम करतं; मला कार्डंच बरी, त्यांना नोटिफिकेशन येत नाहीत.

बसायला जागा नसेल तर बाहेर बघा. तेही लागतं.

खंड पडणारच

एनपीटीईएलचं जुलैचं सत्र धरलंत तर मध्येच गणपती येतात, मग नवरात्र. टेंभी नाक्याच्या आसपास राहणाऱ्यांनी त्या दिवसांत अभ्यासाचं नावही काढू नये. आमच्या खात्याचा मार्च तसाच. हे आठवडे आधीच कॅलेंडरवर काट मारून ठेवा. १२ आठवड्यांच्या एनपीटीईएल कोर्सात सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, म्हणजे एखादा आठवडा बुडाला म्हणून कोर्स बुडत नाही.

खंडानंतर कोर्स पहिल्यापासून लावायचा नाही. ही चूक मी तीनदा केली; पहिले सहा धडे मला तोंडपाठ आहेत, सातवा तिन्ही वेळा राहिला. शेवटचा केलेला स्वाध्याय न बघता पुन्हा करा. जिथे अडेल तेवढाच धडा उघडा. आणि बुडालेले तास भरून काढायला रविवारी सहा तास बसू नका, सोमवारी पहाटे उठवणार नाही.

दोन आठवडे नीट बसूनही स्वतःचं एक उदाहरण चालत नसेल, तर कोर्स तुमच्यासाठी नाही. सोडा, दुसरा घ्या. वाक्य मात्र तेच ठेवा.

माझं वाक्य पुरं व्हायला चौदा आठवडे लागले, ठरवल्यापेक्षा दोन जास्त. रविवारी खजिनदारकाकांना घरी बोलावून त्यांच्यासमोर क्वेरी चालवली. ५६ फ्लॅट, सात ओळी, ‘इज नल’. काका चष्मा वर करून पडद्याजवळ आले, वहीशी एकेक क्रमांक ताडून बघितला. चौथ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हा ३०२," ते म्हणाले, "तुमचाच ना?"